जुन्या फायली कुणी उचलायच्या?

मोबाईलमधली जागा हा सार्वजनिक प्रश्न आहे, असं मी म्हटलं तर निम्मे लोक हसतील. उरलेले म्हणतील, आज पत्रकाराला बातमी मिळालेली दिसत नाही. पण जरा थांबा. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

रस्ता, पाणी, कचरा, नगरपरिषद यावर आपण इथं कायम बोलतो. आज गेमच्या अपडेटवर बोलायचंय. खरं तर अपडेट झाल्यावर मागे राहिलेल्या जुन्या फायलींवर. विषय पोरांचा वाटेल. पण ज्या घरात एकच फोन आहे आणि तोही ३२ जीबीचा, त्या घरात हा विषय आईचाही असतो, बँकेच्या ओटीपीचाही असतो, शाळेच्या ग्रुपचाही असतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जो नवीन आणतो, त्यानं जुन्याचं काय करायचं हे लिहून दिलं पाहिजे आणि आपलं जुनं आपणच उचलून नेलं पाहिजे. तो ते करत नाही, तेव्हा जागा करायचं काम ज्याच्याकडे सगळ्यात कमी जागा आहे त्याच्या गळ्यात पडतं. आणि घाईत तो नको ते पुसून बसतो.

हे कशावरून म्हणतो, ते सांगतो.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या मागच्या गल्लीत एक ताई राहतात, शिवणकाम करतात. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. मुलगा नववीतून दहावीत गेलेला. घरात फोन एकच. सुट्टीत पोरगा गेम खेळायचा. कुठला गेम ते महत्त्वाचं नाही, नाव देत नाही. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये मोठा गेम उतरत नाही. मग आपल्याकडची पोरं काय करतात? एक जण कुणाच्या तरी वायफायवर गेम उतरवतो आणि बाकीचे त्याच्याकडून फाइल घेतात. यानंही तसंच केलं. झिप फाइल घेतली, उघडली, आतला माल सांगितलेल्या फोल्डरमध्ये टाकला, गेम सुरू. झिप मात्र डाउनलोडमध्ये तशीच पडून. दोन महिन्यांनी नवीन व्हर्जन आलं. पुन्हा झिप, पुन्हा तेच. जुनी तिथं, नवीपण तिथं.

तिसऱ्या खेपेला फोन म्हणाला, जागा नाही.

पोरानं विचार केला, व्हॉट्सॲपचे फोटो-व्हिडिओ उडवू. त्यात काय असतं? सुप्रभात, देवाचे फोटो, लग्नपत्रिका, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर. आख्खं फोल्डर सिलेक्ट केलं आणि पुसलं. तरी जागा होईना, कारण पुसलेलं ट्रॅशमध्ये जातं आणि ट्रॅशही जागा खातं. म्हणून ट्रॅशपण रिकामं केलं. जागा झाली, गेम अपडेट झाला.

दहा-बारा दिवसांनी ताई माझ्याकडे आल्या. पेपरात द्वितीय पुण्यस्मरणाची छोटी जाहिरात द्यायची होती. आमच्यासारख्या तालुक्याच्या वार्ताहराकडे अशी जाहिरात घेऊन लोक येतातच. मी म्हटलं, ताई, फोटो पाठवा. त्यांनी फोन उघडला, शोधलं, परत शोधलं. नवऱ्याचे शेवटच्या दिवाळीतले फोटो आणि नणंदेनं पाठवलेला एक व्हिडिओ, सगळं त्याच फोल्डरमध्ये होतं. व्हिडिओत ते पोराला हाक मारतात, एवढंच आहे. होतं.

संध्याकाळी पोरगा आला. आम्ही दोघं फोन घेऊन बसलो. डाउनलोडमध्ये त्या दोन जुन्या झिप होत्या. दोन्ही मिळून चार जीबीच्या वर. त्यानं पुसलेलं सगळं मिळून एक जीबीसुद्धा भरलं नसतं.

त्यानं विचारलं, "काका, हे काढलं असतं तरी चाललं असतं?"

मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार.

मग भावकीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, चार घरी जाऊन आलो, सोयऱ्यांच्या फोनमधून चौदा फोटो गोळा झाले. जाहिरातीतला फोटो एका लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून घेतला. व्हिडिओ काही सापडला नाही. नणंदेनं मध्यंतरी फोन बदलला होता. ताई पोराला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

आता कुणी म्हणेल, झिप पोरानंच आणली, यात कंपनीचा काय दोष? रास्त प्रश्न आहे. त्या दोन झिप मी कुणा कंपनीच्या नावावर टाकत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. अपडेट येतं तेव्हा पडद्यावर काय दिसतं? नवीन बंदूक, नवीन कपडे, नवीन नकाशा, "आताच उतरवा". किती जीबी उतरणार, तेही दिसतं. पण आधीच्या व्हर्जनचं काय झालं, त्यातलं किती निघालं, किती राहिलं, तुमच्याकडे अजून काय पडलेलं असू शकतं, याबद्दल अवाक्षर नाही. फोन फक्त जागा मागतो. ती कुठून द्यायची हे दहावीतल्या पोरानं ठरवायचं.

थोडं आत जाऊन बघू. गेमच्या मागे राहणाऱ्या फायली ढोबळमानानं तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार म्हणजे खोकं. टीव्ही घरी आणला, भिंतीवर लावला, खोकं माळ्यावर. गेम बसवण्यासाठी जी मूळ फाइल उतरवली, ती गेम बसल्यावर कामाची नसते. फोनवर ती एपीके किंवा झिप असते, कॉम्प्युटरवर सेटअप. गॉग नावाचं पोलंडमधलं एक गेमचं दुकान आहे. विकत घेतलेल्या गेमचा पूर्ण सेटअप ते तुम्हाला स्वतःकडे जपून ठेवू देतं. चांगली गोष्ट आहे, दुकान उद्या बंद पडलं तरी तुमचा माल तुमच्याकडे. पण त्या सेटअपच्या नावातच व्हर्जनचा आकडा असतो. नवीन उतरवला की तो जुन्याच्या जागी बसत नाही, शेजारी बसतो. मोठ्या गेमच्या सेटअपला कित्येक जीबीचे तुकडे असतात. चार अपडेट झाले की चार संच.

दुसरा प्रकार म्हणजे बदललेला माल. जुने नकाशे, जुने आवाज, जुनी चित्रं. नवीन व्हर्जन त्यांना हाकच मारत नाही, पण ती डिस्कवर असतात. अँड्रॉइडवर मोठ्या गेमचा माल पूर्वी ओबीबी नावाच्या वेगळ्या फायलीत यायचा. ऑगस्ट २०२१ पासून गुगल प्लेवर येणाऱ्या नव्या ॲपसाठी ती पद्धत बंद झाली, आता माल पोचवण्याचं आणि बदलण्याचं काम प्लेच बघतं. सुधारणा आहे, नाकारत नाही. गेम काढून टाकला तर त्याचं स्वतःचं फोल्डर अँड्रॉइड पुसतं, हेही खरं. पण डाउनलोडमध्ये पडलेली झिप त्या गेमची आहे हे अँड्रॉइडला माहीत नसतं. त्याच्या लेखी ती तुमची. आणि अँड्रॉइड ११ पासून ॲपची आतली फोल्डरं साध्या फाइल मॅनेजरमधून सहज उघडतही नाहीत. सुरक्षेसाठी ते बरोबर असेल, पण सामान्य माणसाला आपल्याच फोनमध्ये काय साठलंय ते दिसेनासं झालं.

तिसरा प्रकार म्हणजे खेळता खेळता तयार झालेलं. तुमची सेटिंग, कुठल्या लेव्हलला पोचलात त्याची नोंद म्हणजे सेव्ह, गेम बंद पडल्याचे अहवाल, चित्रं पटकन दिसावीत म्हणून साठवलेला कच्चा माल. विंडोजवर यातलं बरंच ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतं, काही डॉक्युमेंट्समध्ये. गेम अनइन्स्टॉल केला तरी हे बऱ्याचदा राहतं. कारण अनइन्स्टॉल करणारा प्रोग्राम सहसा यादीवर चालतो. बसवताना जे जे ठेवलं त्याची यादी त्याच्याकडे असते, तेवढंच तो उचलतो. नंतर जे तयार झालं ते यादीत नसतं. शिवाय सेव्ह मुद्दाम ठेवतात. माणूस उद्या परत गेम बसवेल, त्याची महिन्याभराची मेहनत जायला नको म्हणून.

म्हणजे तीन प्रकार आणि तिन्हींची वागणूक वेगळी. खोकं निर्धास्त टाका. बदललेला माल कंपनीनं उचलावा. सेव्ह जपून ठेवा.

मग कंपन्या सरळ सगळं पुसून नवीन का बसवत नाहीत? कारण पुसणं सोपं नाही. याचे तीन किस्से मुद्दाम सांगतो.

पहिला किस्सा आइसलँडचा. रेक्याविक शहरात सीसीपी नावाची कंपनी आहे, ईव्ह ऑनलाइन नावाचा अवकाशयानांचा गेम चालवते. डिसेंबर २००७ मध्ये त्यांनी ट्रिनिटी नावाचं मोठं अपडेट आणलं. त्या गेमच्या फोल्डरमध्ये बूट डॉट आयएनआय नावाची त्यांची एक फाइल होती, आणि अपडेटमध्ये ती पुसायची आज्ञा होती. योगायोग असा की त्या काळच्या विंडोज एक्सपीचीही अगदी त्याच नावाची फाइल सी ड्राइव्हच्या मुळाशी असायची. कॉम्प्युटर सुरू होताना विंडोज कुठं आहे हे ती फाइल सांगते. अपडेटच्या आज्ञेत पत्ता लिहिताना नावाआधी एक तिरकी रेघ जास्तीची पडली. त्या एका रेघेचा अर्थ झाला, "ड्राइव्हच्या मुळाशी बघ". अपडेटनं गेमची सोडून विंडोजची फाइल पुसली. लोकांनी कॉम्प्युटर बंद करून परत लावला, तर तो सुरूच होईना. कंपनीनं काही तासांत अपडेट मागे घेतलं, माफी मागितली, दुरुस्ती कशी करायची ते सांगितलं, आणि पुढं आपल्या फायलीचं नाव बदलून स्टार्ट डॉट आयएनआय केलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर अतिक्रमणाच्या नोटिशीत गट नंबर लिहिला आणि गावाचं नाव लिहायचं राहिलं. गट नंबर ११२ दर गावात असतो. जेसीबी निघाला आणि भलत्याच गावात पोचला.

दुसरा किस्सा अमेरिकेतला, १९९८ च्या अखेरचा. बंजी कंपनीचा मिथ टू नावाचा गेम. त्याचा अनइन्स्टॉल प्रोग्राम गेम ज्या फोल्डरमध्ये आहे ते फोल्डरच आख्खं पुसायचा. ठरलेल्या जागी गेम बसवला असेल तर ठीक. पण कुणी थेट ड्राइव्हच्या मुळाशी बसवला असेल, तर ड्राइव्हवरचं सगळंच गेलं. ही चूक माल बाजारात निघाला तेव्हा लक्षात आली आणि कंपनीनं खोकी परत मागवली. तेव्हा गेम सीडीवर यायचा. नुकसान मोठं होतं, तरी परत मागवला. त्याची दाद दिली पाहिजे.

तिसरा जानेवारी २०१५ चा. स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं जगातलं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान. लिनक्सवर त्याच्या सुरू होण्याच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती. अर्थ असा, की स्टीमचं जे फोल्डर आहे त्यातलं सगळं पुसा. काही परिस्थितीत, म्हणजे फोल्डर दुसरीकडे हलवलं असेल तर, फोल्डरचं नाव रिकामं राहायचं. मग आज्ञा उरायची, "सगळं पुसा". एका वापरकर्त्याच्या स्वतःच्या सगळ्या फायली गेल्या, शेजारी जोडलेल्या डिस्कवरच्यासुद्धा. गंमत म्हणजे त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानंच शेरा मारून ठेवला होता, "स्केअरी!" म्हणजे धोकादायक आहे हे कळलं होतं. शेरा लिहिला, पण नाव रिकामं आहे का हे तपासणारी ओळ लिहिली नाही. सरकारी फायलींवर असले शेरे मी वीस वर्षं वाचतोय, मला नवल वाटलं नाही.

तर दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जुनं उचललं नाही तर पोरगा बापाचा व्हिडिओ पुसतो. आंधळेपणानं उचललं तर आख्खा कॉम्प्युटर बसतो. यातून वाट आहे का?

आहे, आणि ती कॉम्प्युटरवाल्यांच्या कितीतरी आधी कायदेवाल्यांनी काढलीय.

कोर्टाच्या बातम्या करणाऱ्यांना माहीत असेल. नवीन कायदा जुन्याच्या जागी येतो तेव्हा शेवटी शेवटी एक कलम असतं, त्याचा मथळा असतो "निरसन व व्यावृत्ती". शब्द जड आहे, अर्थ साधा. निरसन म्हणजे काय रद्द झालं. व्यावृत्ती म्हणजे काय वाचवून ठेवलं. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि १८६० ची भारतीय दंड संहिता गेली. पण नव्या संहितेच्या कलम ३५८ नं सांगून ठेवलं, की जुना कायदा रद्द झाला तरी त्याखाली आधी झालेल्या गोष्टी, दाखल झालेली प्रकरणं, झालेल्या शिक्षा तशाच चालू राहतील. म्हणून आजही आमच्या तालुका कोर्टात एका खटल्यात भादंवि आणि शेजारच्या खटल्यात बीएनएस अशा दोन्ही बातम्या मी लिहितो. गोंधळ होत नाही, कारण नवीन आणणाऱ्यानं जुन्याचा हिशेब त्याच कागदावर लिहून दिला.

कार्यालयातल्या कागदांचंही तेच. अ, ब, क, ड असं वर्गीकरण असतं. अ वर्गातले कागद कायमचे, ड वर्गातले लवकर नष्ट करायचे. प्रत्यक्षात ते कितपत होतं, हा वेगळ्या पोस्टचा विषय. एका कार्यालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन मी कव्हर केलं, फीत कापली, भाषणं झाली. जुन्या इमारतीतले गठ्ठे पुढचे दोन पावसाळे तिथंच भिजले, कारण ते हलवायचं काम कुणाच्याच आदेशात नव्हतं. पण निदान नियम तरी आहे, आणि नियम आहे म्हणून विचारता येतं, की साहेब, ड वर्ग का पडलाय आणि अ वर्ग का भिजतोय?

गेमच्या अपडेटमध्ये विचारायला काही आधारच नाही.

करता येतं का? येतं. हौशी खेळणाऱ्यांनी स्वतः करून दाखवलंय. मघाशी गॉगचं सांगितलं. तिथले गेम उतरवून जपून ठेवणाऱ्यांसाठी गॉगरेपो नावाचा एक छोटा प्रोग्राम लोकांनीच लिहिलाय. तो आधी तुमच्या गेमची ताजी यादी करतो. मग डिस्कवरच्या फायली यादीशी ताडून बघतो. यादीत नसलेली फाइल, म्हणजे जुन्या व्हर्जनचा सेटअप, तो पुसत नाही. उचलून एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. त्या फोल्डरचं नावच "अनाथ" अशा अर्थाचं आहे. तुम्ही बघा, खात्री करा आणि मग स्वतः पुसा. शिवाय त्याला नुसतं "काय काय हलवशील ते सांग, हात लावू नको" असंही म्हणता येतं. आधी यादी, मग नोटीस, मग बाजूला ठेवणं आणि शेवटी पुसणं. नगरपरिषदेनं एवढी पायरी पाळली तर निम्म्या तक्रारी मिटतील, असो.

मोठ्या कंपनीनं मनावर घेतलं तर काय होतं, याचंही ताजं उदाहरण आहे. स्वीडनच्या ॲरोहेड स्टुडिओचा हेलडायव्हर्स टू हा गेम कॉम्प्युटरवर दीडशे जीबीच्या आसपास जागा खायचा. कारण काय, तर जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर गेम पटकन उघडावा म्हणून एकाच फायलीच्या कितीतरी प्रती जागोजागी ठेवल्या होत्या. लोकांनी ओरड केली. त्यांनी मोजून बघितलं, तर प्रती काढल्या तरी जुन्या डिस्कवर उघडायला काही सेकंदांचाच फरक पडत होता. २०२५ च्या अखेरीस त्यांनी नेदरलँड्सच्या निक्सिस कंपनीच्या मदतीनं जास्तीच्या प्रती काढल्या. गेम आला साधारण २३ जीबीवर. दीडशेचे तेवीस! गेम तोच, नकाशे तेच. इतके दिवस जागा कंपनीची जात नव्हती, खेळणाऱ्याची जात होती, म्हणून कुणी मोजली नव्हती.

आपलं सरकारही यात मागे नाही. २ सप्टेंबर २०२० ला केंद्रानं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाईल होता. आमच्या चौकातल्या पोरांमध्ये सुतकच होतं. बंदी देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून होती, त्यावर मला इथं बोलायचं नाही. पण दुकानातून ॲप काढलं तरी लोकांच्या फोनमधला त्याचा माल आपोआप गेला नाही. ज्यांना माहीत होतं त्यांनी काढला. ज्यांना नव्हतं, त्यांच्या फोनमध्ये बंद पडलेल्या गेमचे जीबी तसेच बसून राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायदा आला. व्यसनावर बोललो, पैशांवर बोललो, बोलायलाच हवं होतं. पण "बंद झालेलं ॲप फोनमधून असं काढा" ही चार ओळींची सूचना मराठीत घरोघरी पोचवावी, असं कुणाला वाटलं नाही.

आता कामाचं. ज्यांच्या घरात लहान फोन आणि मोठा गेम आहे, त्यांनी एवढं करा.

१. आधी वाचवा, मग पुसा. जागा कमी पडतेय असं दिसलं की पहिल्यांदा घरातले महत्त्वाचे फोटो, व्हिडिओ, आवाज दुसरीकडे ठेवा. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, दुसऱ्याचा फोन, काहीही. गेलेल्या माणसाचे असतील तर दोन ठिकाणी ठेवा.

२. गॅलरीच्या आधी डाउनलोड फोल्डर उघडा. फायली आकारानं लावा, मोठी सगळ्यात वर. झिप आणि एपीके दिसतील. गेम चालू असेल तर त्या बहुतेक वेळा नुसती खोकी असतात.

३. सेटिंगमध्ये ॲपच्या नावावर गेलात की दोन बटणं दिसतात. "कॅशे पुसा" दाबायला सहसा हरकत नाही. "डेटा पुसा" किंवा "स्टोरेज पुसा" मात्र विचार करून. त्यानं लॉगिन जातं, उतरवलेला माल जातो, आणि खेळ खात्याला जोडलेला नसेल तर तिथवरची सगळी कमाई जाते.

४. ट्रॅश लगेच रिकामं करू नका. पुसलेलं तिथं साधारण ३० दिवस राहतं. ते तुमचं "अनाथ" फोल्डर आहे. आधी घरातल्या मोठ्यांना दाखवा, मग रिकामं करा.

५. कॉम्प्युटरवर नवीन व्हर्जन नीट चालतंय याची खात्री झाल्यावर जुने सेटअप काढा. सेव्ह आणि सेटिंगच्या फोल्डरला हात लावण्याआधी त्याची एक प्रत करा. कशाची फाइल आहे ते कळत नसेल तर पुसू नका, "जुनं" असं नाव देऊन तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवा. पंधरा दिवस काही अडलं नाही तर काढा.

६. "एका बटणात फोन साफ" म्हणणारी ॲप घेऊ नका. त्यातली बरीचशी जाहिराती दाखवायलाच बसलेली असतात, आणि तीही जागा खातात.

हे झालं आपल्या हातातलं. पण सगळं आपणच करायचं, हे मला मान्य नाही. घंटागाडी आली तर कचरा वर्गीकरण करून द्यायची जबाबदारी आपली. पण घंटागाडीच नसेल तर नुसतं वर्गीकरण करून कुठं टाकणार?

म्हणून मागणी साधी आहे. अपडेट देणाऱ्यानं, मग तो गेमचा असो, बँकेच्या ॲपचा असो की सरकारी पोर्टलचा, त्याच पडद्यावर तीन ओळी लिहाव्यात. नवीन किती येतंय. जुनं किती निघतंय. तुमचं काय आम्ही ठेवतोय आणि कुठं. मराठीत लिहावं, कारण गेम मराठी पोरं खेळतात आणि पैसे मराठी आईबापांचे जातात. ॲपच्या दुकानांनी ही अट घालावी. "जागा नाही" असा इशारा देताना फोननं आधी पडून असलेल्या झिप दाखवाव्यात, घरातले फोटो शेवटी. तंत्र अवघड नाही. हौशी लोकांच्या छोट्या प्रोग्रामला जे जमतं, ते अब्जावधींच्या कंपन्यांना जमू नये, हे पटत नाही.

पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आमचे सर म्हणायचे, उद्घाटनाला सगळे जातात, जुनं कुठं टाकलं ते बघायला जाणारा वार्ताहर व्हा. तेवढंच करतोय.

आज रात्री जेवण झाल्यावर घरातला फोन घ्या, डाउनलोड उघडा आणि सगळ्यात मोठी फाइल किती जीबीची निघाली ते कमेंटमध्ये लिहा. गेमचं नाव नको, आकडा पुरे. आकडे गोळा झाले की त्यांची बातमी करतो. आणि पोरांना रागवू नका, शेजारी घेऊन बसा. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.